मूठभर फुटाण्यांचा प्रश्न

दुपारचे चार वाजले म्हणजे कचेरीतील टेबलाभोवती, शिक्षकांच्या खोलीत आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात एकच दृश्य दिसते. चहाचा कप येतो आणि त्याच्या जोडीला काहीतरी हवे असते. हे ‘काहीतरी’ बहुधा बिस्किटांच्या पुड्याच्या रूपाने येते. कधी खारी, कधी टोस्ट, कधी फरसाण आणि पगार नुकताच झालेला असेल तर गरम वडापाव. दुपारचे जेवण जिरलेले असते आणि रात्रीचे जेवण अजून चार-पाच तास दूर असते. त्या मधल्या पोकळीत जे पोटात जाते, त्याकडे अन्न म्हणून कोणी पाहतच नाही. जेवणात काय असावे याचा विचार प्रत्येक घर आपापल्या परीने करते. मधल्या वेळच्या खाण्याचा विचार मात्र बिस्किटांच्या कारखानदारांवर सोपवलेला असतो.

वस्तुतः मध्यमवर्गीय आहारातील प्रथिनांची तूट भरून काढण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त जागा हीच आहे. एके काळी ही जागा रिकामी नव्हती. रानात जाणाऱ्या माणसाच्या कनवटीला फुटाणे आणि गुळाचा खडा असे. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातावर भाजलेले शेंगदाणे पडत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली जाई आणि कैरी घातलेली वाटली डाळ बशीत येई. श्रावणातल्या शुक्रवारी दूध-फुटाणे असत आणि मंगळागौरीच्या रात्री मटकीची उसळ. ही योजना कोणी शरीरशास्त्राचा विचार करून आखली होती, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु तिचा परिणाम असा होत असे की, वर्षभर काही ना काही निमित्ताने मूठभर कडधान्य जेवणाबाहेरही पोटात जाई. निमित्ते अजून पंचांगात आहेत; हातावरचे फुटाणे तेवढे गेले.

आता प्रथिनांची आठवण पुन्हा झाली आहे, परंतु ती निराळ्या दुकानात. तालमीची जागा घेतलेल्या व्यायामशाळांतून हजारो रुपये किमतीचे भुकटीचे डबे विकले जातात. बिस्किटे, पाव, वेफर, इतकेच काय पण आइस्क्रीमच्या वेष्टनावरही ‘प्रोटीन’ हा शब्द ठळक अक्षरांत छापला जाऊ लागला आहे. त्यामुळे दोन टोकांचे समज एकाच वेळी पसरले आहेत. एकाला वाटते की, पोळी-भाजी खाणाऱ्याला या गोष्टीची चिंता करण्याचे कारण नाही. दुसऱ्याला वाटते की, डब्यातील भुकटीवाचून शरीर धडच राहणार नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींची किंमत सामान्य घराला मोजावी लागते: पहिल्याची शरीराने आणि दुसऱ्याची पैशाने.

जुन्या वादाचा धडा

हा वाद नवा नाही. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका सल्लागार समितीने येऊ घातलेल्या ‘प्रथिनसंकटा’चा इशारा जगाला दिला होता. गरीब देशांतील मुलांच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या अभावात आहे, म्हणून प्रथिनयुक्त खास पदार्थ तयार करून ते वाटले पाहिजेत, असा तेव्हाचा सूर होता. या विचाराला ज्यांनी आकडे मांडून छेद दिला, त्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मराठी नाव अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतातील आहाराच्या पाहण्यांचे विश्लेषण करून त्यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले की, ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ आणि त्यांबरोबर डाळ असा आपला नेहमीचा आहार माणसाला पोटभर मिळाला, तर प्रथिनांची गरज बहुतेक आपोआप भागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांच्या निरीक्षणांचा रोखही याच दिशेने होता. पुढे १९७४ मध्ये डॉनल्ड मॅक्लारेन या शास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून प्रथिनसंकटाच्या त्या साऱ्या मोहिमेला ‘फज्जा’ असे नाव दिले.

या विचारामागचे शास्त्र समजण्यास अवघड नाही. शरीराला प्रथम इंधन लागते. ते पुरेसे मिळाले नाही तर शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. घराच्या बांधकामासाठी आणलेले सागवान चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार होय. दोन वेळचे जेवण टाळून भुकटीचा पेला पिणारा तरुण नेमके हेच करीत असतो.

परंतु सुखात्मे यांच्या गणिताचा आधार घेऊन आजच्या वाचकाने निर्धास्त होणे बरोबर ठरणार नाही. ते गणित एका गृहीतावर उभे होते. पोटभर खाणे म्हणजे धान्य आणि डाळ यांचेच पोटभर खाणे, हे ते गृहीत होय. ज्वारीच्या पिठात वजनाच्या सुमारे एक दशांश प्रथिने असतात आणि डाळीत एक पंचमांशाहून अधिक. मग अशा अन्नाने पोट भरणाऱ्याला प्रथिने कमी पडावीत कशी? आजच्या कारकुनाचे किंवा विद्यार्थ्याचेही पोट भरते, परंतु त्यातील मोठा वाटा तेलाने, साखरेने, मैद्याने आणि बटाट्याने भरलेला असतो. तेलात आणि साखरेत प्रथिने नसतातच. पन्नास वर्षांपूर्वीच्या गरिबाचा आहार सकस पण अपुरा होता. आजच्या मध्यमवर्गीयाचा आहार पुरेसा पण पातळ झाला आहे. दुधात पाणी घालावे तसे त्यात इंधन घातले गेले आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतून हेच चित्र दिसते. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा असे ती तत्त्वे सांगतात; प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्के असतो. उलट डाळी, मांस, कोंबडी आणि मासे या सर्वांनी मिळून १४ टक्के उष्मांक द्यावेत, तेथे ते ६ ते ९ टक्केच देतात. त्याच तत्त्वांत प्रथिनांच्या भुकट्यांपासून दूर राहण्याचा सल्लाही दिलेला आहे. म्हणजे तूट आहे, हे संस्था मान्य करते आणि ती डब्याने भरू नका, असेही बजावते.

हिशेब काय सांगतो

आकड्यांत बोलायचे तर प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी २०२० ची भारतीय शिफारस आहे. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम, असा त्याचा अर्थ होतो. ही सुरक्षित पातळी आहे. तिच्याखाली असलेला प्रत्येक माणूस आजारी असतो असे नव्हे. परंतु वर्षानुवर्षे तिच्याखाली राहणे शहाणपणाचेही नव्हे.

शाकाहारी घरातील, बैठी नोकरी करणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. दोन वेळच्या मिळून सहा पोळ्यांतून तिला सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर भातातून साडेतीन ग्रॅम, पातळ वरणातील वीस ग्रॅम डाळीतून चार-साडेचार ग्रॅम, चहा-दह्यातील दुधातून पाच ग्रॅम, भाजीतून दोन-तीन ग्रॅम आणि चार बिस्किटांतून दीड-दोन ग्रॅम. बेरीज चौतीस-पस्तीसच्या घरात जाते. तूट उरते ती अकरा-बारा ग्रॅमची. शिवाय या प्रथिनांचा निम्म्याहून अधिक भाग धान्यांतून आलेला असतो आणि धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचे एक आवश्यक द्रव्य कमी असते. ते कडधान्यांत भरपूर असते. कडधान्यांत जे मेथिओनिन कमी असते ते धान्ये पुरवतात. वरण-भात, झुणका-भाकर, उसळ-पोळी या जोड्यांचे शास्त्रीय समर्थन हेच आहे. तीन भाग धान्यास एक भाग डाळ हे प्रमाण त्यासाठी चांगले समजले जाते. वर मांडलेल्या दिवसात ते प्रमाण जवळजवळ दहास एक इतके खाली आलेले आहे.

आता ही अकरा-बारा ग्रॅमची तूट भरायची कशाने? तीस ग्रॅम फुटाण्यांतून साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून पाच ग्रॅम. एक मोठी मूठ आणि एक लहान मूठ. दोन्ही मिळून सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे वडापावापेक्षा कमी. आजच्या बाजारभावाने हा खर्च दहा रुपयांच्या आसपास येतो. ज्या तुटीसाठी हजारो रुपयांचे डबे विकत घेतले जातात, ती दोन मुठींची आहे.

यात एक गमतीचा भागही आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कुपोषणावर उपाय म्हणून ‘बहूद्देशीय अन्न’ तयार केले. त्यात तीन भाग तेल काढलेल्या शेंगदाण्यांचे पीठ आणि एक भाग हरभऱ्याचे पीठ होते. वरून जीवनसत्त्वे आणि चुना घातलेला होता. प्रयोगशाळेतून फिरून विज्ञान शेवटी जेथे येऊन पोहोचले, तेथे एस. टी. स्थानकावर पुडी बांधून देणारा चणे-शेंगदाणेवाला आधीच उभा होता.

डब्यातील परदेशी पद्धतीच्या भुकटीची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. चीज तयार करताना जे पाणी उरते, ते गाळून आणि आटवून ही भुकटी बनते. एके काळी ते पाणी टाकाऊ समजले जाई. भुकटीतील प्रथिने उत्तम असतात, याविषयी वाद नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा विशिष्ट आजारात वैद्याच्या सल्ल्याने ती घ्यावीही लागते. परंतु धडधाकट माणसाला ती पोळी-उसळीपेक्षा वेगळे असे काही देत नाही. गरजेपेक्षा अधिक खाल्लेली प्रथिने शरीर साठवून ठेवत नाही. त्यांचे इंधन किंवा चरबी होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने तर ती वैद्याला विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

घरात काय आहे

मधल्या वेळी खाण्यासारखे पदार्थ शोधण्यासाठी मराठी स्वयंपाकघराबाहेर जाण्याची फारशी गरज नाही. पहिला मान अर्थातच फुटाणे-शेंगदाण्यांचा. ते शिजवावे लागत नाहीत, नासत नाहीत, टेबलाच्या खणात राहतात आणि चावून खावे लागत असल्याने हात आपोआप आवरतो. पथ्य दोनच. खारवलेल्याऐवजी साधे घ्यावेत, आणि शेंगदाणे ओलसर जागी ठेवू नयेत. बुरशी लागलेल्या, सुरकुतलेल्या, कडवट दाण्यांत यकृताला घातक असे विष तयार होते. असे दाणे भाजूनही निर्दोष होत नाहीत, ते फेकूनच द्यावेत.

दुसरा मान मोड आलेल्या कडधान्यांचा. मटकी किंवा मूग रात्री भिजवले, सकाळी फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवशी बोटभर मोड येतात. मोडांमुळे प्रथिने वाढतात असा एक समज आहे. तो खरा नाही. मोड आल्याने ‘क’ जीवनसत्त्व तयार होते, कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातील लोह शरीराला अधिक मिळते. मोड कच्चे खाण्याऐवजी एक वाफ देऊन घ्यावेत, कारण उबदार ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. वाफवलेल्या मटकीवर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू घातले म्हणजे भेळच होते. चुरमुरे घालायचे तर मटकीला शोभा येण्यापुरते. लिंबामुळे लोह अंगी लागण्यास मदत होते. याच्या उलट चहा लोहाला अडवतो. म्हणून हे खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे.

तिसरा गट पिठांचा. भाजणीचे थालीपीठ हा बहुधा महाराष्ट्राचा सर्वांत शहाणा पदार्थ असावा. धान्य आणि डाळ यांची जोडी त्यात दळतानाच जमलेली असते. घरोघरच्या भाजणीत हरभरा आणि उडीद यांचा वाटा मात्र घटत चालला आहे. तो पुन्हा वाढवावा आणि थालिपिठाबरोबर लोण्यापेक्षा दही घ्यावे. मुगाची डाळ भिजवून-वाटून केलेली धिरडी वीस मिनिटांत होतात. कुळथाचे पिठले, भातावरचे मेतकूट, भाजलेल्या गव्हाचे आणि डाळ्यांचे सातूचे पीठ ही सारी त्याच कुळातील मंडळी. दात गेलेल्या वृद्धांना फुटाणे चावत नाहीत म्हणून त्यांच्यापुढे चहा-टोस्ट ठेवला जातो. वस्तुतः उतारवयात स्नायू झिजत असतात आणि पडून हाड मोडण्याचे एक कारण ही झीजच असते. अशा माणसाला दुधात कालवलेले सातूचे पीठ टोस्टपेक्षा किती तरी उपकारक ठरेल.

सोयाबीनची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक प्रथिने असतात. इतकी दुसऱ्या कोणत्याही कडधान्यात नसतात. मराठवाडा आणि विदर्भ यांतील लक्षावधी शेतकरी ते पिकवतात. परंतु पीक तेलाच्या गिरणीत जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. ज्या जिल्ह्यांच्या बाजार समित्यांत सोयाबीनचे ढीग लागतात, तेथील घरांच्या डब्यांत ते नसते. त्याची चव उग्र लागते हे खरे. परंतु दहा भाग भाजणीत एक भाग खमंग भाजलेले सोयाबीन घातले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ते कच्चे मात्र कधीही दळू नये. त्यातील पचनाला अडथळा करणारे द्रव्य उष्णतेनेच नाहीसे होते.

जे मांसाहारी आहेत त्यांचे काम सोपे आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ते उकडण्यास दहा मिनिटे लागतात. कोकणात भाकरीबरोबर खाल्ली जाणारी सुकटीची किंवा जवळ्याची चटणी ही तर प्रथिनांची पुडीच आहे. गोमंतकात सकाळच्या पावाबरोबर येणाऱ्या पातळ भाजीत वाटाणे किंवा अळसांदे असतात. बटाट्यापेक्षा त्यांना पसंती दिली की झाले. दुधाचे म्हणाल तर दह्याचा चक्का, साखर न घालता, मीठ आणि जिरेपूड लावून पोळीबरोबर खाता येतो. पातळ ताक उन्हाळ्यात उत्तम, परंतु त्यात प्रथिने नावापुरतीच असतात.

लोकप्रिय पदार्थांना सरसकट दोष देणेही योग्य नव्हे. वडापावातील बेसनाचे आवरण आणि पावातील गहू यांतून पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. अडचण असते ती बटाट्याची, मैद्याची आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची. मिसळ मुळात उसळच आहे. मटकी झाकून टाकणारे फरसाण आणि वरचा लाल कट यांनी तिचे रूप पालटले. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ शून्य असतात. उपासाची खिचडी जी काही शक्ती देते, ती तिच्यातील दाण्याच्या कुटाने. ज्या गृहिणीने साबुदाण्याला प्रथम दाण्याचे कूट लावले, तिने शास्त्र न शिकता नेमके काम केले. तीच दृष्टी आज चार वाजताच्या बशीकडे पाहताना हवी आहे.

अडचणी आणि त्यांची उत्तरे

या सुचनांवर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला महागाईचा. डाळींचे भाव चढतात तेव्हा सामान्य घराचे वरण अधिक पातळ होते, हे कोणी नाकारू शकत नाही. परंतु तुलना करायची ती डाळ आणि गहू यांची नव्हे. मधल्या वेळी डाळीऐवजी जे घेतले जाते, त्याची आणि डाळीची. बिस्किटे, वेफर आणि फरसाण यांचा दर किलोमागचा भाव फुटाण्यांच्या भावाशेजारी लिहून पाहिला, तर स्वस्त काय याचा निकाल तेथेच लागतो. पाच रुपयांचा पुडा स्वस्त भासतो तो लहान असतो म्हणून.

दुसरा आक्षेप वाताचा. कडधान्ये पोटात धरतात, ही तक्रार खरी आहे. ज्याने वर्षानुवर्षे ती खाल्ली नाहीत, त्याने एकदम वाटीभर उसळ खाल्ली तर त्रास होणारच. थोडक्यात सुरुवात करावी, भिजवलेले पाणी टाकून द्यावे, मऊ शिजवावे, फोडणीत हिंग-ओवा घालावा. मूग आणि मसूर सोसले की मटकी, चवळी घ्यावी, वाल-वाटाणे शेवटी. अख्खा मसूर किंवा वालाचे बिरडे खाऊन कामाला जाणाऱ्या पिढ्या काही वेगळ्या धातूच्या नव्हत्या. त्यांना सवय होती.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि तो सर्वांत गंभीर आहे. भिजवा, बांधा, वाटा, शिजवा, हे सांगणे सोपे असते. करावे लागते ते बहुधा घरातील स्त्रीला आणि ती आता स्वतःही नोकरी करते. आहारसुधारणेची प्रत्येक मोहीम तिच्याच डोक्यावर आणखी एक काम ठेवते. त्याहून वाईट असे की, सर्वांचे झाल्यावर जेवण्याची रीत अनेक घरांत अजून टिकून आहे. उसळीचे पातेले तिच्यापर्यंत येते तेव्हा त्यात रस्साच उरलेला असतो. ज्या हिशेबाने या लेखातील तूट मोजली, तो हिशेब तिचाच आहे आणि पुष्कळदा प्रत्यक्ष तूट त्याहूनही मोठी असते. म्हणून मटकी भिजत घालणे, फुटाण्यांचा डबा भरून ठेवणे, अंडी उकडणे ही कामे घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उचलावीत. त्यांत कौशल्य लागते असे नाही. लागते ती फक्त आठवण. आणि उसळीचे वाटे पंगत बसण्यापूर्वीच पडले पाहिजेत.

शाळा, वसतिगृह आणि उपाहारगृह

हा प्रश्न केवळ घराघरांचा मात्र नव्हे. शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. प्राथमिक शाळेतील मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. त्यासाठी अनुक्रमे वीस आणि तीस ग्रॅम डाळ धरलेली आहे. प्रमाण चांगले आहे. ते ताटात उतरते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र बहुधा खिचडीच्या रंगावरून होते. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस मुलांना आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना फळ, देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा निधी देण्याचे थांबवले आणि ते लोकसहभागावर सोपवले. सहा ग्रॅम उत्तम प्रथिने देणाऱ्या एका अंड्याचा भार ज्या राज्याला जड व्हावा, त्या राज्याने मुलांच्या उंची-वजनाच्या आकड्यांविषयी चिंता व्यक्त करावी, यात विसंगती आहे. अंडे नको असेल तर त्याच्या बदली गुळ-शेंगदाण्याची चिक्की किंवा उसळ द्यावी. परंतु बदली काहीच नसणे हा पर्याय होऊ शकत नाही.

मोठ्या विद्यार्थ्यांची स्थिती याहून बिकट असते, कारण त्यांच्यासाठी योजनाच नसते. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी खेड्यापाड्यांतील हजारो मुले-मुली राहतात. खोलीत चूल नसते. सकाळी पोहे, दुपारी खाणावळीचा डबा, संध्याकाळी चहा आणि एखादी तळलेली चीज असा अनेकांचा नेम असतो; पैसे संपत आले की डबा एक वेळचाच होतो. तूट प्रथम मधल्या खाण्यात पडते आणि मग जेवणात. अभ्यासिकेच्या टेबलावर फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा ठेवण्यास चूल लागत नाही आणि मूग भिजवण्यास एक भांडे आणि एक फडके पुरते. खाणावळवाल्यांनी आठवड्यातून चार दिवस बटाट्याच्या रस्स्याऐवजी घट्ट उसळ दिली, तर त्यांचा नफा बुडणार नाही.

कचेऱ्यांच्या उपाहारगृहांना हाच नियम लावता येईल. जेथे कर्मचाऱ्यांची समिती उपाहारगृह चालवते, तेथे चहाबरोबर मिळणाऱ्या पदार्थांत एक तरी कडधान्याचा आणि न तळलेला असावा, एवढा ठराव करणे अवघड नाही. शिक्षकांच्या हाती तर त्याहून अधिक आहे. मुलांच्या डब्यांत काय येते हे रोज पाहणारा दुसरा कोणी नसतो. ज्या वर्गात शिक्षक स्वतः मधल्या सुट्टीत मोडाची मटकी खातो, त्या वर्गाला प्रथिनांचा धडा निराळा शिकवावा लागत नाही.

जाहिरातींचा प्रश्नही दृष्टिआड करून चालणार नाही. दुधात घालावयाच्या साखरमिश्रित भुकट्या वर्षानुवर्षे मुलांच्या वाढीच्या नावाने विकल्या गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये अशा पेयांना ‘आरोग्यपेय’ म्हणून विकू नये, असे केंद्राच्या यंत्रणांना ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावे लागले. उद्या ‘प्रोटीन’ या शब्दाचेही तेच होईल. पुड्यावर पुढच्या बाजूस काय लिहिले आहे यापेक्षा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत प्रथिने किती, साखर किती आणि तेल किती लिहिले आहे, ते वाचण्याची सवय लावून घेणे हाच त्यावरचा उपाय. फुटाण्यांना ही अडचण नसते. त्यांना ना पुढची बाजू असते, ना मागची.

सुखात्मे यांनी पन्नास वर्षांपूर्वी सांगितले ते असे की, खास पदार्थांच्या मागे लागू नका. माणसाला त्याचे नेहमीचे अन्न पोटभर मिळू द्या. त्या सांगण्यात आज एकच भर घालावी लागेल. ते नेहमीचे अन्न आधी परत आणा. त्यासाठी नव्या शोधाची किंवा मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. चार वाजता चहाच्या कपाशेजारी जी बशी ठेवली जाते, तिच्यात काय असावे एवढाच निर्णय घ्यायचा आहे, आणि तो आज दुपारीही घेता येईल.